आज्ञापालन आणि सत्य : संत मेरी मॅकिलप यांच्या जीवनातून एक पाठ



८ ऑगस्ट हा संत मेरी मॅकिलप यांचा सण. त्या ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या संत. ज्या धर्मभगिनीला आज आपण वेदीवर मान देतो, तिला एकेकाळी तिच्याच बिशपांनी ख्रिस्तसभेतून बहिष्कृत केले होते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. आजच्या पाठात आपण याच घटनेवर विचार करू या. वरिष्ठ चुकत आहेत असे मनापासून वाटले, तर श्रद्धावंताने काय करावे? हा प्रश्न आपल्या घरात, समूहसभेत आणि चर्चच्या आवारातही उभा राहतो.

तबेल्यातील शाळा

मेरी यांचा जन्म १५ जानेवारी १८४२ रोजी मेलबर्न येथे झाला. आईवडील स्कॉटलंडहून आलेले. आठ भावंडांत त्या थोरल्या. वडिलांचा व्यवहारात जम बसला नाही, त्यामुळे लहान वयातच घरखर्चाचा भार मेरी यांच्यावर आला. पुढे पेनोला या गावी मुलांना शिकवत असताना त्यांची फादर ज्युलियन टेनिसन वुड्स यांच्याशी ओळख झाली. खेड्यापाड्यातील गरिबांची मुले शाळेविना वाढत होती, ही दोघांचीही तळमळ होती. १८६६ साली एका पडीक तबेल्याची डागडुजी करून त्यांनी शाळा सुरू केली. फी देता आली नाही म्हणून कोणाही मुलाला परत पाठवायचे नाही, हा नियम ठरला. त्यातूनच पवित्र हृदयाच्या संत योसेफ भगिनींचा संघ जन्मास आला. १८६७ साली व्रते घेऊन मेरी ‘क्रुसाची मेरी’ झाल्या. १८७१ पर्यंत संघात सुमारे १३० भगिनी होत्या.

पाच महिन्यांचा वनवास

संघाच्या नियमावलीत दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. सर्व भगिनी समान, त्यांच्यात उच्चनीच दर्जे नाहीत. आणि सर्व मठांचा कारभार भगिनींनी निवडलेल्या एकाच प्रमुख भगिनीकडे. त्यामुळे गरज असेल तिथे भगिनींना पाठवता येत असे. अ‍ॅडलेडचे बिशप लॉरेन्स शील यांना मात्र ही नियमावली बदलायची होती. त्यांच्या भोवतीचे काही धर्मगुरू भगिनींच्या विरोधात होते. कपुंडा येथील एका धर्मगुरूकडून मुलांवर होणाऱ्या अत्याचारांची माहिती भगिनींनी वर कळवली होती, त्याचाही राग या विरोधामागे होता, असे अभ्यासक सांगतात.

मेरी यांनी बिशपांची भेट मागितली. हा उद्धटपणा मानला गेला. २२ सप्टेंबर १८७१ रोजी, वयाच्या २९व्या वर्षी, त्यांना बहिष्कृत करण्यात आले. चाळीसहून अधिक भगिनींना संघाबाहेर काढण्यात आले, बऱ्याच शाळा बंद पडल्या. अशा वेळी इमॅन्युएल सॉलोमन या यहुदी गृहस्थाने भगिनींना राहायला घर दिले. जेझुइट धर्मगुरूंनीही आधार दिला. फेब्रुवारी १८७२ मध्ये, मृत्यूपूर्वी काही दिवस, बिशप शील यांनी आपला हुकूम मागे घेतला. या पाच महिन्यांत मेरी यांनी बिशपांविषयी कटू बोलू दिले नाही.

विवेक की हट्ट?

येथे थोडा सूक्ष्म विचार करायला हवा. पद आणि पदावरचा माणूस या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पदाचा मान राखूनही त्या माणसाची चूक दाखवता येते. संत पौलाने अंत्युखियात संत पेत्राला तोंडावर विरोध केला, हे गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आपण वाचतो. संत थॉमस अक्विनस शिकवतात की, सदसद्विवेकबुद्धीच्या विरुद्ध वागणे हे पापच होय.

पण मग कोणीही उठावे आणि आपल्या हट्टाला विवेक म्हणावे काय? नाही. मेरी यांच्या जीवनात आपल्याला तीन कसोट्या सापडतात.

पहिली : मागणी कोणासाठी? मेरी यांना स्वतःसाठी काही नको होते. गरीब मुलांची शाळा वाचावी, एवढेच हवे होते.

दुसरी : गाऱ्हाणे कोठे नेले? चव्हाट्यावर नव्हे. आधी त्या बिशपांना भेटू पाहत होत्या, पुढे १८७३ साली थेट रोमला जाऊन पोप नववे पायस यांना भेटल्या.

तिसरी : निर्णय मनाविरुद्ध गेला तर? रोमने संघाचा एकत्रित कारभार मान्य केला, पण दारिद्र्यव्रताचा कडक नियम सैल केला. मेरी यांनी तो निर्णय स्वीकारला. फादर वुड्स दुखावले आणि जुना स्नेह तुटला, तरी त्या ढळल्या नाहीत. १८८५ साली त्यांना प्रमुखपदावरून दूर करण्यात आले. १८९९ साली पुन्हा निवड होईपर्यंत त्या दुसऱ्या मदरच्या हाताखाली मुकाट्याने राबल्या.

मात्र एक गोष्ट नीट लक्षात ठेवू या. कटुता न बाळगणे म्हणजे अन्याय झाकणे नव्हे. लेकरांवर अत्याचार होत असताना गप्प बसणे याला आज्ञापालन म्हणत नाहीत. भगिनी बोलल्या आणि त्याची किंमतही त्यांनी मोजली.

आपल्यासाठी

एखाद्या फादरांचे बोलणे लागले की आपण मिस्साला येणे सोडतो. पॅरिश कौन्सिलमध्ये आपले म्हणणे पडले की घराघरांत कुजबुज सुरू होते. हे दोन्ही मार्ग सोपे आहेत. मेरी यांनी तिसरा, अवघड मार्ग धरला : सत्य सोडायचे नाही आणि ख्रिस्तसभाही सोडायची नाही. आम्हां धर्मगुरूंसाठीही येथे धडा आहे. भेट मागणाऱ्याला भेट नाकारू नये. आधी ऐकून घ्यावे, मग बोलावे.

८ ऑगस्ट १९०९ रोजी सिडनी येथे मेरी यांनी देह ठेवला. १७ ऑक्टोबर २०१० रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी त्यांना संत घोषित केले. ज्या ख्रिस्तसभेने त्यांना दाराबाहेर काढले होते, तिनेच त्यांना वेदीवर बसवले.

समूहसभेत चर्चेसाठी :
१. चर्चमध्ये कोणाचे बोलणे मनाला लागले, तेव्हा आपण ते कोणाजवळ बोललो? ज्याच्याशी बोलायला हवे होते त्याच्याशी की इतरांशी?
२. आपली तक्रार स्वतःच्या मानासाठी आहे की दुर्बलांच्या भल्यासाठी?

हे प्रभू येशू, सत्य बोलण्याचे धैर्य आणि ते प्रेमाने बोलण्याची कृपा आम्हांला दे. आमेन.