पाणलोटाचा पाठ : डोंगरापासून खाडीपर्यंत

ज्या भूभागावरील पावसाचे पाणी वाहत येऊन एकाच ओढ्यास वा नदीस मिळते, त्यास त्या ओढ्याचे वा नदीचे पाणलोट क्षेत्र म्हणतात. पाणलोटास गावाची शीव ठाऊक नसते.

मीरा-भाईंदरच्या उत्तरेस वसईची खाडी आहे. राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी उल्हास नदी बारवी, काळू व भातसा यांचे पाणी घेऊन या खाडीवाटे समुद्रास मिळते. या शहरास पिण्याचे पाणीही उल्हास खोऱ्यातून येते. म्हणजे भाईंदरच्या मुलाच्या पेल्यात सह्याद्रीच्या उतारावरील पाऊस असतो. याउलट, शहापूर तालुक्यातील भातसा व तानसा ही धरणे मुंबईस पाणी पुरवितात. आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांस उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. वरचा व खालचा यांचा संबंध जुळावा कसा, हाच खरा प्रश्न होय.

या प्रश्नाचे एक उत्तर नाशिक जिल्ह्याने दिले आहे. वाघाड कालव्याच्या शेवटाकडील ओझर परिसरास पाणी पुरेसे पोहोचत नसे. बापू उपाध्ये यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या प्रेरणेने तेथील शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था स्थापिल्या. परंतु कालव्याचे तोंड इतरांच्या हाती असता शेवटच्या टोकाची संस्था एकटी काय करणार? म्हणून वरच्या भागातही संस्था झाल्या व सर्वांचा मिळून प्रकल्पस्तरीय संघ उभा राहिला. पुढे महाराष्ट्राच्या 2005 च्या कायद्याने लघुवितरिका, वितरिका, कालवा व प्रकल्प अशा चढत्या स्तरांवरील संस्थांची रचना राज्यभर मान्य केली.

हा पाठ शिकविताना शिक्षकांनी शाळेच्या अंगणात मातीचा डोंगर करवून त्यावर झारीने पाणी सोडावे. पायथ्याशी साचलेल्या पाण्याचा गढूळपणा मुलांस पाहू द्यावा. नंतर उतारावर आडवे चर व लहान दगडी बांध घालून तोच प्रयोग पुन्हा करावा. वर्गाचे ‘वरचे गाव’ व ‘खालचे गाव’ असे दोन गट पाडून पाण्याच्या वाटपाचे नियम त्यांनाच ठरवू द्यावेत. मग गटांची अदलाबदल करावी. स्वतः केलेला नियम खालच्या गावी बसून सोसावा लागला, म्हणजे सहकाराचा अर्थ मुलांस निराळा सांगावा लागत नाही.