थोडे विपुल, पुष्कळ विरळ

एखाद्या गावाची मतदारयादी पाहिली, तर दोन-चार आडनावे पुन्हा पुन्हा आढळतात. उरलेली बरीच आडनावे एका-दोन घरांपुरतीच असतात. निसर्गातील जीवांची यादी केली, तर तीही बहुधा अशीच निघते. रानात, तळ्यात किंवा शेताच्या बांधावर थोड्या जातींचे जीव विपुल असतात, तर पुष्कळ जातींचे जीव विरळ असतात. हा आकृतिबंध कसा ओळखावा आणि त्यावरून रानाची स्थिती कशी जाणावी, हे आपण या पाठात पाहणार आहोत.

१. केवळ यादी पुरेशी नाही

एका ठिकाणी एकत्र राहणाऱ्या व परस्परांवर अवलंबून असणाऱ्या निरनिराळ्या जातींच्या जीवांना मिळून जीवसमुदाय म्हणतात. रायपूरपासून सुमारे १०० किलोमीटर अंतरावर बारनवापारा अभयारण्य आहे. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्रफळ सुमारे २४५ चौरस किलोमीटर आहे. तेथे साग, साल, ऐन, धावडा, मोह, टेंभुर्णी असे अनेक वृक्ष आढळतात.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन रानांत प्रत्येकी १०० झाडे मोजली. दोन्ही ठिकाणी जाती पाचच निघाल्या.

पहिले रान: साल २०, ऐन २०, धावडा २०, मोह २०, टेंभुर्णी २०
दुसरे रान: साल ९२, ऐन ५, धावडा १, मोह १, टेंभुर्णी १

यादी सारखीच, परंतु राने सारखी नाहीत. डोळे मिटून एका झाडाला हात लावला, नंतर पुन्हा तसेच केले, तर दोन्ही वेळा एकाच जातीचे झाड हाती येण्याची शक्यता किती? पहिल्या रानात ती १०० पैकी २० आहे. दुसऱ्या रानात १०० पैकी सुमारे ८५. विविधता मोजण्याची ही रीत सिम्पसन या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये मांडली. ही शक्यता जितकी जास्त, तितकी विविधता कमी.

२. फुलपाखरांची मोजदाद

कॉर्बेट या कीटकशास्त्रज्ञाने मलायात फुलपाखरे गोळा केली होती. त्या संग्रहात ११८ जातींचे प्रत्येकी एकच फुलपाखरू होते. ७४ जातींची प्रत्येकी दोन, ४४ जातींची प्रत्येकी तीन, तर २४ जातींची प्रत्येकी चार फुलपाखरे होती. संख्यांचा हा उतार पाहून फिशर या संख्याशास्त्रज्ञाने त्याचे गणिती सूत्र मांडले. कॉर्बेट, फिशर व विल्यम्स यांचा हा अभ्यास १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. विरळ असणे हा निसर्गातील अपवाद नसून बहुसंख्य जातींची ती रीतच आहे, हे या आकड्यांवरून ध्यानात येते.

३. असे का घडते?

प्रकाश, पाणी व माती यांचा वाटा सर्वांना सारखा मिळत नाही. सालाचे बी पावसाळ्याच्या तोंडावर गळते व ओल मिळताच रुजते. वणव्यात रोप जळाले, तरी मुळापासून पुन्हा धुमारे फुटतात. म्हणून अनुकूल जमिनीवर सालाची दाट राने तयार होतात. याउलट अर्जुनवृक्ष मुख्यतः ओढ्या-नद्यांच्या काठी आढळतो. मोठ्या प्राण्यांना विस्तीर्ण क्षेत्र लागते व त्यांना पिलेही थोडी होतात. त्यामुळे त्यांची संख्या मुळातच बेताची असते.

४. दोन्ही टोकांची काळजी

एकाच जातीचे प्राबल्य असेल, तर तिच्यावरील संकट साऱ्या रानाचे संकट ठरते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मंडला व आसपासच्या सालवनांत खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची साथ आली आणि लाखो वृक्षांना तिची बाधा झाली. किडीला एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्यास मोकळे रान मिळाले. मिश्र वनात असा प्रसार तितका सोपा नसतो.

विरळ जातींचा धोका वेगळा असतो. रानम्हैस हा छत्तीसगडचा राज्यप्राणी. रायपूरच्या आग्नेयेस असलेल्या उदंती अभयारण्यात २००७ च्या सुमारास रानम्हशींची संख्या दहाच्या आत आली होती आणि त्यांत मादी एकच उरली होती. यादीत रानम्हशीचे नाव तसेच होते; परंतु कळप वाढण्याची आशा एका जिवावर येऊन ठेपली होती. गावातील म्हशींशी होणारा संकर हीदेखील तेथील मोठी अडचण होती. पुढे २०२० मध्ये आसामच्या मानस राष्ट्रीय उद्यानातून एक नर व एक मादी बारनवापाऱ्यात आणण्यात आली. २०२३ मध्ये आणखी चार माद्या आणल्या गेल्या. जातीचे नाव यादीतून पुसले जाण्याआधी तिच्या जीवांची संख्या घटत असते. ही घट वेळीच कळावी, यासाठी मोजणी नियमित करावी लागते.

आपण करून पाहा

दोरीने शेतात किंवा पडीक जागेत एक मीटर लांब व एक मीटर रुंद चौकोन आखा. त्यातील प्रत्येक प्रकारची रोपटी मोजून लिहा. नाव ठाऊक नसेल, तर ‘बारीक पानांचे’, ‘पिवळ्या फुलाचे’ अशी खूण चालेल. मग जास्त संख्येपासून कमी संख्येपर्यंत क्रम लावा. असेच आणखी चार ठिकाणी करा.

आपण काय शिकलो?

• जातींची संख्या व प्रत्येक जातीतील जीवांची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
• बहुतेक जीवसमुदायांत थोड्या जाती विपुल व पुष्कळ जाती विरळ असतात.
• एकाच जातीचे प्राबल्य रानाला दुर्बल करू शकते, तर विरळ जाती नष्ट होण्याचा धोका अधिक असतो.

स्वाध्याय

१. दोन्ही रानांत पाचच जाती असूनही पहिल्या रानाची विविधता अधिक का, ते स्पष्ट करा.
२. सालाची दाट राने तयार होण्याची कारणे लिहा.
३. ‘यादीत नाव असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे.’ रानम्हशीच्या उदाहरणावरून हे विधान पटवून द्या.
४. ‘विपुल’, ‘विरळ’, ‘प्राबल्य’ हे शब्द वापरून प्रत्येकी एक वाक्य तयार करा.