पाव तासाची प्रार्थना

(मनन : मार्क १०:१७-२२)



शुभवर्तमानातील श्रीमंत मनुष्य खिन्न होऊन निघून गेला, कारण त्याला धन सोडवेना. लोयोलाच्या संत इग्नेशियस यांनी मात्र ते सोडले. मार्च १५२२ मध्ये स्पेनमधील मॉन्सेरात येथे त्यांनी आपली उंची वस्त्रे एका भिकाऱ्याला दिली, पवित्र मरियेच्या वेदीपुढे रात्रभर जागरण केले आणि तलवार तिथेच ठेवली.

परंतु स्वतःच्या हाताने उभे केलेले काम सोडणे याहून कठीण असते. १५४० मध्ये त्यांच्या येशूसंघाला पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली. पुढे एका आजारपणात डॉक्टरांनी त्यांना दुःखी विचार टाळण्यास सांगितले. आपल्याला कशाने दुःख होईल? येशूसंघच मोडला तर! पण तेव्हाही पाव तासाच्या प्रार्थनेने मन शांत होईल, असे त्यांना वाटले. संघ आपला नव्हे, देवाचा, हे त्यांनी ओळखले होते.

आपण कपाटातले जुने कपडे सहज देतो. मुलांचे निर्णय, घरातला अधिकार, मंडळातले पद मात्र सुटत नाही. खरे तर मुले, घर, मंडळ हे सारे देवाचेच आहे.

या आठवड्यात अशी एक गोष्ट नाव घेऊन प्रभूच्या हाती सोपवू या. आपल्याला पाव तास पुरतो का, तेही पाहू या.