वॅट वाढवण्याआधी पेटी मोजा

जळालेली व्हॉइस कॉइल ओळखायला मीटर लागत नाही. स्क्रू सोडवून सबवूफर पेटीबाहेर काढला की वार्निश करपल्याचा वास येतो आणि काय झालंय ते कळतं. कोल्हापुरात गाड्यांना साउंड बसवायचा माझा धंदा आहे. हा वास मला वरचेवर येतो आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण बहुतेकदा दोष सबवूफरचा नसतोच. त्याला दिलेल्या पेटीचा असतो.

इचलकरंजीहून एक पोरगा असाच आला होता. १२ इंची सबवूफर, आणि डिकीतली जागा वाचावी म्हणून दुसऱ्या दुकानातून घेतलेली तयार बंद पेटी. सुरुवातीला ३०० वॅटचा अँप होता. खालचा बेस येत नाही म्हटल्यावर त्याला ६०० चा विकला, मग १००० चा. रात्री बेस पडला की हेडलाइट मिणमिणायचे. शेवटी कॉइल गेली. "दादा, आता याच्याहून तगडा सब टाकूया," म्हणाला. मी आधी पेटीत टेप घातली. स्पीकरने व्यापलेली जागा वजा जाता आत जेमतेम १५ लिटर हवा होती.

बंद पेटीतली हवा स्प्रिंगचं काम करते. पेटी जितकी लहान, तितकी ही स्प्रिंग कडक. स्पीकरचा कोन, म्हणजे पुढचा पडदा, मागे-पुढे हलायला बघतो आणि हवा त्याला अडवते. वरच्या सुरांत कोनला फार हलावं लागत नाही, म्हणून तिथे काही जाणवत नाही. पण ३०-४० हर्ट्झचा सूर काढायचा तर कोन लांबवर हलायला हवा, आणि नेमका तिथेच तो अडतो.

हे अंदाजाने बोलायची गरज नाही. सबवूफरच्या डेटाशीटवर तीन आकडे असतात: एफएस (स्पीकरचा स्वतःचा अनुनाद), क्यूटीएस (त्या अनुनादाला किती आवर आहे ते) आणि व्हीएएस (स्पीकरच्या लवचीकपणाइतकी लवचीक हवा, लिटरमध्ये). नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात या गणिताचा पाया घातला आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड स्मॉल यांनी सिडनीत ते पूर्णत्वाला नेलं. त्या पोराच्या सबचे आकडे साधारण असे होते: एफएस ३० हर्ट्झ, क्यूटीएस ०.५, व्हीएएस ६० लिटर. व्हीएएसला पेटीच्या लिटरने भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा आणि त्याला क्यूटीएसने गुणा. उत्तर ०.७ च्या आसपास आलं तर बेस सपाट आणि स्वच्छ. ६० लिटरच्या पेटीत ते बरोबर ०.७ येतं. १५ लिटरमध्ये १.१ च्या वर जातं आणि पेटीचा अनुनाद ६७ हर्ट्झवर चढतो.

गंमत अशी की दुकानातल्या डेमोत हीच लहान पेटी जास्त दणकेबाज वाटू शकते. ८० हर्ट्झच्या आसपास ती मोठ्या पेटीपेक्षा सुमारे २ डेसिबल वर असते, त्यामुळे किक ड्रमचा ठोका छातीवर आदळतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण ३० हर्ट्झवर तीच पेटी ६० लिटरच्या पेटीपेक्षा ६ डेसिबल खाली असते. ६ डेसिबल म्हणजे चौपट पॉवर. ३०० वॅटवर मिळायला हवा तो बेस १२०० वॅट ओतून मिळवायचा, आणि ती सगळी जादा वीज कॉइलमध्ये उष्णता होऊन बसते. शिवाय १००० वॅटचा अँप पूर्ण जोरावर ९० अँपिअरच्या घरात करंट ओढतो. लहान गाडीचा अल्टरनेटर त्यासाठी बनवलेला नसतो. हेडलाइट उगाच मिणमिणत नव्हते.

६० लिटरची पेटी त्याच्या डिकीत घातली असती तर सामानाला जागाच उरली नसती. म्हणून १८ मिमी एमडीएफची ४५ × ४० × ३० सेंटिमीटरची पेटी बनवली. बाहेरून मोजली तर ५४ लिटर. फळीची जाडी वजा केली की ४० च्या आत, आणि स्पीकर व आतला आधार वजा केला की ३६. पेटी घेताना लोक इथेच फसतात. बाहेरच्या मापावर लिटर सांगितले जातात. त्याच मॉडेलचा नवा सब, तोच जुना ३०० वॅटचा अँप, आणि ३० हर्ट्झवर साडेचार डेसिबलहून जास्त फायदा. एवढ्यासाठी आधीच्या पेटीत जवळपास तिप्पट पॉवर लागली असती. त्यात काचा बंद असल्या की केबिन स्वतःच ६०-७० हर्ट्झच्या खालचा बेस उचलून धरते.

मोठी म्हणजे चांगली, असंही नाही. फार मोठ्या बंद पेटीत हवेचा आधार सैल पडतो आणि जोरात वाजवलं की कोन आपली मर्यादा ओलांडतो. पोर्टच्या, म्हणजे हवेसाठी मुद्दाम नळी ठेवलेल्या पेटीत तर आणखी जपावं लागतं. ५० लिटर धरून ३३ हर्ट्झला ट्यून केलेला पोर्ट ३६ लिटरच्या पेटीत लावला तर ट्यूनिंग ३९ हर्ट्झवर जातं. ट्यूनिंगच्या खाली कोनला हवेचा आधारच राहत नाही, तिथे अगदी खालचे सूर कापणारा सबसॉनिक फिल्टर लावलाच पाहिजे. काही सबवूफर कंपनीने मुद्दाम लहान पेटीसाठी बनवलेले असतात. जागा कमी असेल तर तसाच घ्या, मोठा सब कोंबू नका.

पैसे देण्याआधी दुकानदाराकडून दोन गोष्टी कागदावर मागा: सबवूफरची डेटाशीट, आणि सगळं वजा जाता पेटीत उरणारे लिटर. जो हे लिहून देत नाही, त्याच्याकडून पेटी घेऊ नका.