शिस्त, क्षमा आणि भरपाई



शाळा सुधारायची तर वात्रट मुलांना काढून टाकावे, असे आपण सहज म्हणतो. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘दहावी फ’ (२००२) या मराठी चित्रपटात वेगळी वाट दिसते. ‘ढ’ म्हणून हिणवलेली शेवटच्या तुकडीची मुले रागाच्या भरात शाळेची मोडतोड करतात. अतुल कुलकर्णी यांनी साकारलेले देशमुख सर त्यांना पाठीशी घालत नाहीत आणि झिडकारतही नाहीत. मुले स्वतः कष्ट करून पैसे मिळवतात व नुकसान भरून काढू लागतात.

जक्कयाचेही तसेच झाले (लूक १९:१-१०). प्रभू येशू आधी त्याच्या घरी जायला निघाला. मग जक्कयाने लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले. आधी स्वीकार, मग भरपाई.

म्हणूनच ख्रिस्तसभा प्रायश्चित्त संस्कारात पश्चात्ताप व पापांची कबुली यांच्याबरोबर भरपाईही मागते. क्षमेने पाप मिटते. पण शेजाऱ्याची बुडवलेली मजुरी किंवा घालवलेली अब्रू आपोआप परत येत नाही.

आपल्या गावचा बांध पाणी अडवतो, तो शेत भिजावे म्हणून. शिस्तही माणूस जगावा म्हणूनच असते.

या आठवड्यात मुलांसह हा उतारा वाचू या. मुलगा चुकला, तर ‘तू वाया गेलास’ असे न म्हणता, ‘हे कसे भरून काढशील?’ असे विचारू या. पापनिवेदनाला जाताना तोच प्रश्न स्वतःलाही विचारू या.