बीएसडब्ल्यू करून पोरगं काय करील?

गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीसारख्या गावांत आता अनेक घरं म्हाताऱ्यांनीच राखलेली दिसतात. मुलं कामधंद्यासाठी नागपूर-पुण्याला. धानाची बांधी, गुडघेदुखी आणि बीपीच्या गोळ्या मागं उरलेल्यांच्या वाट्याला. या माणसांना वृद्धाश्रम नको असतो. आपल्याच घरात, ओळखीच्या शेजारात नीट जगता यावं, एवढंच त्यांचं मागणं. ते पुरं करणं हा शिकून करायचा व्यवसाय आहे आणि त्याचं नाव समाजकार्य.

यात नेमकं करायचं काय? पासष्टी ओलांडलेल्या निराधार आजीला श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन मिळवून द्यायचं, तर कागद जुळवून अर्जुनी मोरगावच्या तहसीलपर्यंत पाठपुरावा करावा लागतो. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेणं, दवाखान्यातून घरी आलेल्या आजोबांची औषधं कोण देणार हे ठरवणं, हेही त्याच कामात येतं. सगळ्यात अवघड म्हणजे घरातलं बोलणं. मुलगा विचारत नसेल तर २००७च्या पालक व ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाह भत्ता मागता येतो. पण सुनावणीआधी सलोख्याची सोय त्याच कायद्यात आहे आणि तो घडवून आणायला स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधीही चालतो. माझ्या मते समाजकार्यकर्त्याचं कसब तिथंच लागतं, कारण निकालानंतरही त्या दोघांना एकमेकांचं तोंड पाहायचं असतं.

बारावीनंतर, शाखा कोणतीही असो, बीएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याची पदवी करता येते. कोणत्याही पदवीनंतर दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू. नागपुरात मातृ सेवा संघ आणि तिरपुडे ही जुनी महाविद्यालयं आहेत. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६पासूनची. प्रवेशाआधी एकच चौकशी कसून करा: क्षेत्रकार्याला मुलांना कुठं पाठवतात आणि त्यांच्यावर देखरेख कोण ठेवतं?

पालकहो, पगाराची तुमची काळजी रास्त आहे. स्वयंसेवी संस्थांत सुरुवातीचं मानधन बेताचंच असतं, म्हणून या शिक्षणासाठी मोठं कर्ज काढू नका. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षकाचं पद असतं, समाजकल्याण खात्यात भरती निघते. जागा थोड्या, स्पर्धा मोठी. मात्र झाडीबोलीत आजीशी मोकळं बोलू शकणारी तुमची मुलगी या भागात शहरातून आलेल्या पदवीधरापेक्षा लवकर विश्वास मिळवील.

आणि विद्यार्थ्यांनो, फॉर्म भरण्याआधी शेजारच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा एक अर्ज शेवटपर्यंत तडीस न्या. ते करताना कंटाळला नाहीत, तर खुशाल प्रवेश घ्या.