घरच्या रास्पबेरी पायवर नवी सिस्टीम चढवण्याआधी

बऱ्हाणपूर

चि. बाळास,


पुण्यात बसून एका रात्रीत घरच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरची डेबियनची जुनी आवृत्ती बुल्सआय बदलून नवी आवृत्ती ट्रिक्सी चढवायचा तुझा बेत आजीकडून कळला. आजी झोपली की सुरू करायचं आणि पहाटे तिची कीर्तनं लागायच्या आत उरकायचं, असं तू तिला सांगितलंस म्हणे. बाळा, असं करू नकोस. सिस्टीम बदलायला हवी याबद्दल माझं दुमत नाही. बुल्सआय ऑगस्ट २०२१ ची. डेबियनवाले एका आवृत्तीची पूर्ण देखभाल साधारण तीन वर्षं करतात, पुढची दोन वर्षं मर्यादित. आणि आपलं यंत्र रात्रंदिवस इंटरनेटला जोडलेलं असतं. पण हे काम दिवाळीला घरी आल्यावर, यंत्रासमोर बसून आणि नव्या मेमरी कार्डावर कर.

दुरून का नको, ते सांगते. बुल्सआयमध्ये नेटवर्कचं काम डीएचसीपीसीडी बघत होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये पायसाठी बुकवर्म ही मधली आवृत्ती आली तेव्हापासून ते नेटवर्क मॅनेजरकडे गेलं. यंत्राचा ठरावीक पत्ता तू डीएचसीपीसीडीच्या फाइलमध्ये लिहून ठेवला आहेस, आणि नवी सिस्टीम ती फाइल उघडूनही बघत नाही. म्हणजे अपग्रेड नीट पार पडलं, तरी रीस्टार्टनंतर यंत्र भलत्याच पत्त्यावर उभं राहू शकतं आणि तू पुण्यात जुन्या पत्त्यावर हाका मारत बसशील. त्यात मध्येच लाइट गेली, तर निम्मी पॅकेजेस नवी आणि निम्मी जुनी. ते सावरता येतं, पण त्यासाठी टीव्ही आणि कीबोर्ड जोडणारं माणूस तिथे लागतं. ते आजीवर टाकू नकोस.

दुसरं असं की, डेबियनमध्ये मधली आवृत्ती गाळून उडी मारता येत नाही. बुल्सआयवरून आधी बुकवर्म, मग ट्रिक्सी. शिवाय बुकवर्मपासून पायच्या बूटच्या फायलींची जागाही बदलली आहे. रास्पबेरी पायवाले स्वतःच सांगतात की, मोठी आवृत्ती बदलताना कोरं कार्ड घ्या. कोऱ्या कार्डावर थेट ट्रिक्सी घालता येते आणि जुनं कार्ड जसंच्या तसं डबीत राहतं. काही बिघडलं तर कार्ड बदललं की घर पुन्हा चालू. या एका सोयीसाठी मी कितीही वेळ खर्च करायला तयार आहे.

खरं काम आहे ते या यंत्रात तू काय काय बसवलं आहेस, ते शोधण्याचं. होम फोल्डर कॉपी केलं की सगळं आलं, असं समजू नकोस. पहाटे कीर्तन लावणारी ओळ क्रॉनटॅबमध्ये आहे आणि तो होम फोल्डरमध्ये राहत नाही. आजीच्या फोनमधले फोटो ज्यातून येतात त्या सांबाची मांडणी वेगळ्या फाइलमध्ये, तिचे पासवर्ड आणखी वेगळे. बाहेरची डिस्क कुठे जोडायची ते एफएसटॅबमध्ये. टाकी भरली की मोटर बंद करणारी तुझी पायथनची स्क्रिप्ट नव्या सिस्टीमवर लगेच चालेल, असंही नाही. तिथे पिपने थेट काही बसवायला गेलास तर नकार येतो. त्या स्क्रिप्टसाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करावं लागेल. ही सगळी यादी आत्ताच, यंत्र चालू असताना, वहीत उतरव. आणि मोटरची स्क्रिप्ट सगळ्यात शेवटी, आपण दोघं टाकीजवळ उभे असताना तपासायची.

आपल्या कुंडी भंडाऱ्यावर शाळेच्या सहलीत गेला होतास, आठवतं? १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, जमिनीखालून पाणी आणताना वर ओळीने विहिरीसारख्या कुंड्या ठेवल्या. आत उतरून कुठे गाळ साचला ते बघता यावं, याची सोय बांधतानाच झाली. तुझ्या वहीचा उपयोग तसाच आहे. मोटर कुठल्या पिनला जोडली आहे, हे आज तुझ्याशिवाय घरात कुणाला ठाऊक नाही, आणि याची मला खरोखर काळजी वाटते.

आपला पाय थ्री बी प्लस आहे, मेमरी १ जीबी. डेस्कटॉप घालू नकोस, लाइट आवृत्ती पुरे. इमेजरमध्ये कार्ड लिहितानाच यंत्राचं नाव, युजर, वायफाय आणि एसएसएच भरून घे. पूर्वी आपण बूटच्या भागात वायफायची फाइल टाकायचो, ती युक्ती आता चालत नाही. पत्ता या वेळी राउटरमध्येच बांधून टाक, म्हणजे पुढच्या बदलात हा घोळ नको.

कार्ड ३२ जीबीचं, बिल देणाऱ्या दुकानातून घे आणि आणल्यावर एफ-थ्री चालवून खरंच तेवढं भरतं का ते बघ. बाजारात खोट्या आकड्यांची कार्डं फार आहेत. अडॅप्टर अडीच अँपिअरचाच हवा, फोनचा जुना चार्जर लावू नकोस. जुन्या कार्डाचीही एक प्रत काढू आणि त्या प्रतीवरून यंत्र एकदा सुरू करून बघू. नुसती प्रत काढून डबीत ठेवणं मला मान्य नाही.

आजोबांची कीर्तनं अजून फक्त त्या कार्डावरच आहेत. कॅसेटवरून ती उतरवायला तुला आख्खी उन्हाळ्याची सुट्टी लागली होती आणि त्यातल्या काही कॅसेट आता वाजतही नाहीत. ती मी या रविवारीच बाहेरच्या डिस्कवर आणि माझ्या लॅपटॉपवर उतरवून ठेवते. तोवर पायवर काही बदलू नकोस. वहीतल्या यादीचा फोटो पाठव, म्हणजे इथे बसून काही राहिलं का ते मी बघीन.

तुझी,
मावशी